पाचवी खाच

नवी मोटरसायकल दारात उभी राहिली आणि अर्ध्या तासात घरात तीन याद्या तयार झाल्या. गाडीला काय काय बसवायचं, त्याच्या.

सुनेची यादी एका ओळीची. मागे लोखंडी कॅरियर, रक्ताच्या नळ्यांची पेटी ठेवायला. मुलाची यादी कागदाच्या दोन्ही बाजूंना. धुक्यातले दिवे, दोन आवाजांचा हॉर्न, मोबाईलचा स्टँड, टाकीवर चिकटवायची रबरी पट्टी, हँडलच्या टोकांना वजनं. गाडी बायकोच्या कमाईची आणि हौस याची. मी म्हटलं, "अरे, एवढं बसवल्यावर मध्ये कुठे गाडी दिसेल का?"

माझी यादी तोंडी होती, पण सगळ्यात आधी पुरी झाली ती. पाठ टेकायला गादी, धरायला दांडी आणि डाव्या बाजूला दोन्ही पाय मावतील अशी रुंद पट्टी, कारण माझा उजवा गुडघा मला टांग मारू देत नाही. सून कामाला निघताना मला दुकानात सोडणार असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी ठरवलं होतं.

दुकान माझं सीटचं. मोटरसायकली, ट्रक, बस, ज्याला चाक आहे त्याची सीट मी भरते. फोम कापायचा, वर रेक्झिन ताणायचं, कडेनं शिवायचं. चाळीस वर्षं झाली. ड्रायव्हर लोक कामावर जायच्या आधी सीट टाकून जातात म्हणून मी सकाळी साडेसहाला दार उघडते. इतकी वर्षं मी बसला लोंबकळत जायचे. आता सगळ्या बाजाराच्या डोळ्यांदेखत नव्या गाडीवरून उतरणार होते. त्यात लाज कसली?

सून सहा वर्षं माझ्या दुकानात होती. रेक्झिनच्या कडांना चिकट, म्हणजे सोल्यूशन, लावायचं, दुमडायचं, चिमटे मारायचे. हात चांगला, पण मन नव्हतं. एकदा म्हणाली, "आई, मला स्वप्नातसुद्धा चिकटाचा वास येतो." मी म्हटलं, "मग नाक मिटून झोपत जा." ती संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. दोन वर्षं जाऊन रक्त काढायचं शिकली, आणि एका लॅबनं तिला एक महिना कामावर ठेवून बघायचं कबूल केलं. अंथरुणाला खिळलेली, म्हातारी माणसं लॅबपर्यंत येत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं. रोज चौदा घरं, आणि साडेनऊच्या आत पेटी लॅबमध्ये. महिना नीट गेला तर काम कायमचं. नाही गेला तर परत चिकटाचा डबा. खोटं का सांगू, सुरुवातीला मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. दुकानाला हात हवाच होता.

तर याद्या घेऊन आम्ही सोनाराकडे गेलो. तो काही सोनार नव्हे. गाडीचे दागिने विकतो म्हणून सगळे त्याला सोनार म्हणतात आणि आता त्याची बायकोसुद्धा म्हणते. माझ्या दुकानापासून चार दुकानं पुढे त्याचं दुकान. भिंतीभर आरसे, हॉर्न, साखळ्या टांगलेल्या. मुलगा आत शिरला आणि हरवला. सून दारातच घड्याळ बघत उभी.

सोनारानं कॅरियर बसवला, माझी गादी बसवली, दांडी बसवली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काकू, रोज बसणार मागे?"

"मग काय धावत येऊ?"

"तसं नाही. मागचे शॉकप आवळावे लागतील. नाहीतर खड्ड्यात बूड टेकेल."

"माझं की गाडीचं?"

तो हसला, वाकला आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या बुडाशी आकड्यासारखा वाकडा पाना लावला. तिथे एक कडी असते, तिला पाच खाचा. फिरवली की स्प्रिंग आवळते. एक, दोन, तीन, चार. पाचव्या खाचेला तो कण्हला. "आता तुम्ही आणि तुमची बहीण मिळून बसा," म्हणाला. मी बसून बघितलं. गाडी हलली नाही. मला बरं वाटलं.

मुलाचा हॉर्नही बसला. तो वाजवल्यावर पुढच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायचं, तेवढाच त्याचा उपयोग.

पहिल्या आठवड्यात लॅबमधून तीन नळ्या परत आल्या. सुनेनं जेवताना सांगितलं, आणि सांगतानाही तिचा पाय टेबलाखाली हलत होता. नळीतलं रक्त गोठलं की वर पिवळं पाणी सुटतं. तपासणी त्या पाण्याची होते. तिच्या तीन नळ्यांत पाणी लाल सुटलं होतं. म्हणजे आतलं रक्त मोडलं. त्या माणसांना पुन्हा सुई टोचावी लागली.

"कशानं मोडतं?" मी विचारलं.

"काढताना हात चुकला तर. नाहीतर हादऱ्यांनी."

पुढच्याच आठवड्यात आणखी चार. लॅबच्या साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं, आता पुन्हा झालं तर ओळखपत्र टेबलावर ठेवून जायचं. त्या दिवशी सून घरी आली ती बसलीच नाही. उभ्यानं चहा घेतला, कप विसळला, पुन्हा विसळला. खिडकीपाशी गेली, दाराशी गेली. मला तिच्याकडे बघवेना. सहा वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली होती, रडलेली पाहिली होती, पण अशी नाही. तेव्हा मला कळलं की ही परत चिकटाच्या डब्याशी आली तर हात येतील, बाकीची बाई येणार नाही.

मी विचारलं, "खराब झाल्या त्या नळ्या कोणाकोणाच्या? पहिल्या घरांच्या की शेवटच्या?"

तिनं वही काढली. सातच्या सात नळ्या पहिल्या पाच घरांमधल्या.

"म्हणजे ज्या गाडीवर सगळ्यात जास्त वेळ होत्या त्या. हात नाही, हादरे," मी म्हटलं. "आणि हादऱ्यांचं औषध माझ्या दुकानात आहे."

शनिवारी मी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. एक बसवाला ओरडून गेला, जाऊ दे म्हटलं. पेटीच्या मापाचा फोमचा बिछाना केला. खाली कडक थर, वर मऊ, कडांना उशा, वरून रेक्झिन. सीट झाली की मी तिच्यावर स्वतः बसून बघते. अशी तपासल्याशिवाय मी गिऱ्हाईकाला सीट देत नाही. बिछान्यावरही बसले. राणीसारखी बुडाले. कॅरियरवर आवळून लावला.

रविवारी लॅब बंद, बाजार बंद. सून म्हणाली, "आई, आज करून बघू. सोमवारी लोकांच्या रक्तावर नको."

"मग कोणाच्या?"

मुलगा पेपर घेऊन बाल्कनीत गेला. सुई दिसली की त्याला कुठेतरी काम निघतं.

"माझं घे," मी म्हटलं. "तुम्ही लोकांनी आटवून जेवढं उरलंय तेवढं."

तिनं माझी बाही वर केली, दंडाला पट्टा आवळला, दोन बोटांनी शीर चाचपली. सुई कधी गेली ते मला कळलं नाही. माझ्या घरात माझ्याच अंगाला हात लावून कोणी मला 'हलू नका' म्हणायची ही पहिली वेळ. मी हलले नाही.

नळी पेटीत, पेटी बिछान्यात, मी मागे बसले, आणि आम्ही तिचा रोजचा सगळा रस्ता फिरलो. नळी घेऊन पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. खडीचा रस्ता, रुळांवरचं फाटक, पाण्याच्या टाकीजवळचे खड्डे. घरी येऊन तिनं नळी ओट्यावर पेल्यात उभी केली. तासभर थांबायचं होतं. मी तीनदा उठून बघून आले. चौथ्यांदा गेले तेव्हा वर पाणी सुटलं होतं, स्वच्छ पिवळं.

"झालं की," मी म्हटलं. "चाळीस वर्षं फोम कापतेय म्हटलं."

सून हसली नाही. "आता एकटी जाऊन बघते. सोमवारी तुम्ही दुकानात उतरणार, मग मी एकटीच असते."

पुन्हा बाही वर केली, दुसरा हात. ती गेली. मी भाजी चिरायला घेतली आणि अर्धी टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ती आली, नळी पेल्यात ठेवली. ह्या वेळी ती स्वतःच ओट्यापासून हलेना. तास झाला. पाणी लाल होतं. उजेडाकडे धरलं तरी लाल.

 मग मुलगा म्हणाला, "तू घाई करतेस एकटी असलीस की."

आणि मी म्हटलं, "मी मागे असले की जपून चालवतेस. नसले की हात सुटतात तुझे. बिछाना तोच, नळी तशीच, रक्त माझंच. बदललं काय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं भांडेल. पण ती म्हणाली, "बरोबर आहे. दुसरं काही बदललेलंच नाही." आणि वही उघडून लॅबच्या साहेबांचा नंबर बघत बसली. "उद्या सकाळी चुकण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं. निदान ती चौदा माणसं तरी वाचतील."

"संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. चप्पल घातली, मुलाला उठवलं. "चल, सोनाराकडे. त्याच्याकडे काही मऊ बिऊ मिळतं का बघू."

सोनार रविवारीही उघडा असतो. मुलगा गाडी लावून समोर चहाला गेला. मी सोनाराला सगळं सांगितलं. त्यानं माझा बिछाना बोटानं दाबून बघितला.

"काकू, काम सुंदर आहे. पण हा माणसासाठी केलाय तुम्ही. चार किलोची पेटी ह्यात बुडतच नाही. वर उडत राहते."

मला राग आला. "मग सकाळी पाणी पिवळं कसं सुटलं?"

"सकाळी मागे कोण होतं?"

"मी."

"आणि नंतर?"

"कोणी नाही. ती एकटी."

सोनारानं पेटीकडे बघायचं सोडलं आणि खाली वाकला. बोटानं कडीवरच्या खाचा मोजल्या. "पाचवर आहे अजून. ती एकटी असतानाही पाचवर चालवते?"

"तुझ्याच हातानं केलंस ते."

"तुमच्यासाठी केलं, काकू. तुम्ही बसलात की स्प्रिंग दबते, मग गाडी मऊ चालते. ती सत्तेचाळीस किलोची पोर. तिच्या खाली ही स्प्रिंग म्हणजे खांब. सगळा खड्डा सरळ पेटीत. मला वाटलं, दोघी पूर्ण रस्ता जाता."

मी स्टुलावर बसले. म्हणजे ती मला साडेसहाला दुकानात उतरवायची आणि तिथून पुढे तीन तास माझं वजन नसताना माझ्या वजनाची गाडी चालवायची. सातच्या सात नळ्या. आणि तासापूर्वी मी तिला म्हटलं होतं, तुझे हात सुटतात.

"सैल कर," मी म्हटलं.

"दुसऱ्या खाचेवर ठेवतो. पण मग तुम्हाला मागे बसता यायचं नाही. बूड टेकेल."

"किती बोलतोस. कर."

त्यानं केलं. मुलगा चहा पिऊन आला तेव्हा सोनार हात पुसत होता. काय झालं, मुलानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नटबिट बघितले, आणि त्याला पुढे पाठवून चालत निघाले. गुडघा बोंबलत होता, बोंबलू दे म्हटलं.

रस्ताभर मी विचार करत होते. सांगायचं की नाही? गाडी तर ठीक झाली. ती पुन्हा फेरी मारेल, पाणी पिवळं सुटेल, सगळे म्हणतील बिछान्याचा गुण. कोणाचं काय बिघडतं? मी तिला कधी चूक कबूल करून दाखवलेली नाही. सासू म्हणून नाही आणि मालकीण म्हणूनही नाही. आता ह्या वयात सुरुवात कशाला?

घरी आले. म्हटलं, "आणखी एकदा जा. सोनारानं हात फिरवलाय गाडीवरून."

"तिसऱ्यांदा रक्त काढू तुमचं?"

"काढ. मला काय लग्नाला जायचंय?"

ती गेली, आली. पेल्यात नळी. मुलगासुद्धा ह्या वेळी ओट्यापाशी उभा, डोळे अर्धे मिटून. पाणी पिवळं सुटलं, सकाळच्याहून स्वच्छ. सुनेनं ओट्याला धरलं आणि मान खाली घातली. मग म्हणाली, "आई, फोम दबून बसला असेल आता. म्हणूनच. तुमच्या हाताला तोड नाही."

मी म्हटलं, "हं."

त्या 'हं'नंतर मला घरात जागा सापडेना. खुर्चीत बसले, उठले. कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. सून उद्याच्या सुया, कापूस, पट्ट्या मांडत होती आणि गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं मला टोचत होतं, सुईनं टोचलं नव्हतं तेवढं.

संध्याकाळी मुलगा खालून वर आला, हाताला ग्रीस. "आई, बरं झालं बघितलं. त्या शहाण्यानं शॉकप सैल करून ठेवलाय. दोनवर आलाय. उद्या तू बसली असतीस की बूड टेकलं असतं. हा बघ, पाना घेतलाय. पाचवर घेतो परत."

सून तोंडानं कापसाची पिशवी फाडत होती. तिला ह्यातलं काही कळलं नाही. ती खाली वाकून मोजत राहिली. मी तोंड मिटून बसले असते तर तो खाली गेला असता, पाच मिनिटांत पाचवी खाच, आणि उद्या साडेनऊला ओळखपत्र टेबलावर.

"राहू दे," मी म्हटलं.

"अगं, तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठीच होतं ते. म्हणूनच राहू दे म्हणते." आणि मी सांगितलं. सोनार काय म्हणाला, मी कधीपासून जाणते, बिछान्याचा काही उपयोग नाही, सगळं. नीट सांगता आलं नाही. मध्येच रागानं बोलले, मध्येच सोनाराला शिव्या दिल्या. पण सांगितलं.

मुलगा पाना घेऊन तसाच उभा. सून सावकाश उठली.

"दुपारपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी त्या साहेबांना फोन लावणार होते, आई. नंबर काढून बसले होते."

"म्हणून तर थांब म्हटलं."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आल्यावर माहीत होतं." तिचा आवाज चढला. सहा वर्षांत चढला नव्हता. "आणि हात सुटतात म्हणालात. चौदा दिवस मी दर खड्ड्याला श्वास धरून चालवतेय. रुळांच्या फाटकापाशी तर एकदा उतरून गाडी ढकलत नेलीय. लोक बघत होते. आणि हात सुटतात माझे?"

मला उत्तर होतं. मला नेहमी उत्तर असतं. ते मी गिळलं.

"नाही सुटत," मी म्हटलं. "चुकले मी."

ती कापसाकडे वळली. उरलेल्या पट्ट्या मोजल्या. पेटी बंद केली. मुलानं पाना जागेवर ठेवला आणि विनाकारण दोनदा हात धुतले.

सोमवारी ती सहाला निघाली. दारात म्हणाली, "बसने जाल ना?" मी म्हटलं, "मला रस्ता माहीत आहे." एवढंच बोलणं. जिन्याच्या खिडकीतून बघितलं. मागची गादी तशीच होती, रिकामी. आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर एक खड्डा आहे, त्यात गाडी नुसती वाकून वर आली.

बसमध्ये उभी राहून दुकानात गेले. सोनार त्याच्या पायरीवरून म्हणाला, "काकू, आज पायी?" मी म्हटलं, "तुझ्या हॉर्नचं कर काहीतरी, कुत्री मागे लागतात," आणि दार उघडलं.

एका ट्रकची सीट घेतली. फोम कापला. साडेआठ. रेक्झिन ताणलं. नऊ. शिवायला बसले आणि कितीदा फोनकडे बघितलं ते सांगत नाही. साडेनऊला तिनं पेटी दिली असेल. मग ते यंत्रात घालून फिरवतात, म्हणजे आणखी थोडा वेळ. दहा वाजले. ट्रकवाला दारात येऊन विचारत होता, झाली का, आणि मी त्याला म्हटलं, दिसतंय ना झाली नाही ते. सवा दहाला फोन वाजला.

"चौदा," सून म्हणाली.

"चौदा काय?"

"चौदाच्या चौदा चांगल्या." पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं. "अजून दोन आठवडे आहेत. साहेब म्हणाले, बघू."

"बरं."

  तिचा श्वास ऐकू येत होता, पळत आल्यासारखा.

"मी अजून चिडलेली आहे, आई," ती म्हणाली.

"ऐकू येतंय मला. जा, कामाचं बघ."

फोन ठेवला आणि सीट उलटी करून बघितली. पूर्ण एक बाजू मी आतलं बाहेर शिवून टाकली होती. ट्रकवाल्यानं ते पाहिलं आणि तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," मी त्याला म्हटलं, आणि उसवायला घेतलं.